होमपेज कापायचे दिवस

वेबसाइटचं पहिलं पान एकेकाळी कापून काढायचे, हे दुकानात येणाऱ्या पोरांना सांगितलं की ती हसतात. फोटोशॉपमध्ये 'स्लाइस' नावाचं हत्यार आहे, त्याचं चिन्हही सुरीच्या पात्याचं. ते घेऊन आम्ही अख्खं होमपेज चौकोनी तुकड्यांत कापायचो आणि तेच तुकडे पुन्हा शेजारी शेजारी लावून इंटरनेटवर चढवायचो. साधारण २००० ते २०१२ एवढाच या कामाचा हंगाम. बारामती तालुक्यातल्या आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकपर्यंत हा धंदा आला तो काही सॉफ्टवेअर कंपन्यांमुळे नव्हे. तो छापखान्यातून आला. होमपेज करणारे आम्ही सगळे मुळात छपाईवाले होतो, आणि त्या पानांचं जे काही बरंवाईट झालं ते त्यामुळेच झालं.

मागून सुरुवात करतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर आमचा पट्टा बागायती झाला. कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, भाटघरचं पाणी आणणारा. पाण्यामागून ऊस आला, उसामागून कारखाने आले, एका अंगाला सोमेश्वर आणि दुसऱ्या अंगाला माळेगाव. कारखान्यांच्या आगेमागे सोसायट्या, पतसंस्था, दूध संस्था. सहकारी संस्था म्हटली की कागद आलाच: वार्षिक सभेची नोटीस, ताळेबंदासह अहवाल, पावतीपुस्तकं, शेअर सर्टिफिकेटं. त्यात उन्हाळ्यात लग्नपत्रिका. बारामतीतले छापखाने या दोन गोष्टींवर जगले. सहकाराने रस्ते आणले, शाळा आणल्या हे सगळे लिहितात. त्याने छापखाने पोसले, हे कुणी लिहीत नाही.

मी काम शिकलो ते अशाच एका छापखान्यात, शिशाच्या अक्षर-खिळ्यांच्या शेवटच्या दिवसांत. देवनागरी खिळे जुळवणं म्हणजे इंग्रजीसारखं सव्वीस अक्षरांचं प्रकरण नाही. काने, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं यांची वेगळी घरं, आणि खिळ्यांची केस एवढी लांबरुंद की कंपोझिटर उभ्याउभ्या पाऊल बदलत असे. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरने एकोणिसाव्या शतकात देवनागरी खिळे इतके देखणे पाडले की पुढे किती तरी वर्षं सगळे त्याच वळणाकडे बघत राहिले. पण तालुक्याच्या छापखान्यात येणारे खिळे झिजलेले, एखाद्या घरात पुरेसे नसलेले. सगळ्यात आधी संपायचा तो अर्ध्या 'र'चा खिळा, ती छोटी आडवी चंद्रकोर.

आणि नेमका तोच आमच्या मुलखाला लागतो. बारामती वसली आहे कऱ्हेच्या काठी. गाव कोऱ्हाळे. उसाचं गुऱ्हाळ. पत्रिकेत वऱ्हाडी मंडळी. जत्रेच्या हँडबिलात पुन्हा कोऱ्हाळे. आचार्य अत्र्यांनी आत्मचरित्राला 'कऱ्हेचे पाणी' नाव दिलं तेव्हा मुंबईच्या छापखान्याला काही अडचण आली नसेल. आमच्याकडे खिळा संपला की कंपोझिटर काका तिथे बारीकशी आडवी रेघ बसवायचे: को-हाळे. लांबून बघितलं तर चालून जायचं. गिऱ्हाईकही काही बोलायचं नाही, कारण आपल्या गावाच्या नावात रेघ आहे की कोर आहे हे निवांत बघायला लग्नघरात वेळ कुणाला? ही रेघ लक्षात ठेवा, ती पुढे संगणकातही शिरली.

मग डीटीपी आलं. पेजमेकर, त्यावर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, कुठे आकृती, सरकारी कामाला सी-डॅकचं आयएसएम. सी-डॅक पुण्यात १९८८ साली निघालं ते महासंगणक करायला, पण गावोगावच्या छपाईवाल्यांना ते माहीत झालं फाँटांमुळे. या सगळ्या फाँटांची युक्ती एकच. संगणकाला मराठी कळत नाही, तेव्हा इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे. पडद्यावर 'ग्रामपंचायत' दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कालवा असतो. फाँट बदलला की मॅटरची वाट लागली. एका कंपनीच्या फाँटात जिथे वेलांटी, तिथे दुसरीच्या फाँटात स्वल्पविराम. अर्ध्या 'र'चा तुकडा तर कीबोर्डवर सरळ सापडायचाच नाही; आल्ट दाबून नंबरपॅडवर आकडे मारायचे. ते आकडे आम्ही मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर लिहून चिकटवलेले असत. ज्याची चिठ्ठी हरवली तो रेघ मारून मोकळा.

फोटोशॉप यात जरा उशिरा आलं. तिकडे अमेरिकेत ते थॉमस आणि जॉन नोल या दोन भावांचं पोर. थॉमस मिशिगन विद्यापीठात पीएचडी करत असताना १९८७ मध्ये त्याने काळ्यापांढऱ्या मॅकवर राखाडी छटा दाखवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. जॉन सिनेमाच्या ट्रिक दृश्यांचं काम करणाऱ्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकमध्ये होता, त्याने त्यातून धंदा ओळखला. अडोबीने पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९० मध्ये काढली. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेअर आले. आमच्याकडे याचा पहिला उपयोग काय झाला असेल? नवरदेवाच्या फोटोमागची भिंत काढून तिथे ताजमहाल लावायचा. फोटोग्राफरांनी फोटोशॉप घेतलं ते त्यासाठी, आणि छपाईवाल्यांनी घेतलं ते मान्यवरांचे फोटो कट करून गोल चौकटीत बसवायला. पेन टूल घेऊन फेट्याच्या कडेने बिंदू टाकत जायचं, सिलेक्शनला पाच पिक्सेलचा फेदर द्यायचा, बॅकग्राउंड उडवायची. हे ज्याला सफाईने येई त्याला तालुक्यात मान होता.

वेबसाइट करणं या लोकांकडे आलं कारण गिऱ्हाईकाच्या मनात दुसरं कुणी नव्हतंच. ज्याने अहवालाचं कव्हर केलं, त्यालाच 'आता आमचं इंटरनेटवरचं पान पण करून दे' म्हणायचे. बारामतीत एव्हाना विद्या प्रतिष्ठानच्या कॉलेजांतून कॉम्प्युटर शिकलेली मुलं निघत होती, २००२ च्या सुमाराला एमएस-सीआयटीचे क्लास गावोगाव निघाले. पण त्या मुलांना कोड येई, मांडणी येत नसे. मांडणी आम्हाला येई, कोडचा पत्ता नव्हता. दोघांच्या मधला पूल म्हणजे फोटोशॉपची फाइल. आम्ही पानाचं चित्र काढायचं, कापायचं. पुढचं एचटीएमएल बारामतीचा एखादा पोरगा जुळवून द्यायचा.

चित्र काढण्याची रीत सांगतो. नवी फाइल घ्यायची, रुंदी ७८० पिक्सेल, रिझोल्यूशन ७२. पडदे तेव्हा ८०० बाय ६०० चे. बाजूच्या स्क्रोलबारला जागा सोडून उरे तेवढी ही रुंदी. रुलरमधून निळ्या गाइड ओढायच्या. वर बॅनर, डावीकडे बटणांची पट्टी, मध्ये 'आमच्याविषयी', उजवीकडे ताज्या घडामोडी, खाली पत्ता आणि भेट देणाऱ्यांचा आकडा दाखवणारा मीटर. रंग २१६ 'वेब-सेफ' रंगांतलेच वापरा असं पुस्तकं बजावत, कारण जुने पडदे २५६ रंगच दाखवू शकत. त्या २१६ मध्ये भगव्याच्या जवळ जाणारे दोनच धड रंग, एफएफ६६०० आणि एफएफ९९००. एक जास्त लाल, एक जास्त पिवळा. यावर गिऱ्हाईकाशी जेवढी हुज्जत व्हायची तेवढी कशावरच होत नसे.

हुज्जतीचा दुसरा विषय फोटो. पतसंस्थेचं पान म्हणजे चेअरमन वर डाव्या कोपऱ्यात, व्हाइस चेअरमन त्याहून बोटभर लहान, संचालक मंडळ खाली ओळीत, सगळ्यांची डोकी एका मापाची. एका संस्थेत मला सांगितलं गेलं, "दादा, हे पान रंगीत प्रिंट काढून आण. मीटिंगमध्ये दाखवतो, सगळ्यांच्या सह्या घेतो." आणि खरोखर होमपेजचा ए-फोर कागद संचालकांच्या हातोहात फिरला, कुणीतरी लाल पेनने 'लोगो मोठा' असं लिहिलं, आणि तो सह्यांसकट माझ्याकडे परत आला. यात हसण्यासारखं काही नाही. पान म्हणजे कागद, आणि एकदा मंजूर झालं की ते तसंच दिसायला हवं, ही समजूत त्यांची होती तशीच आमचीही होती. अमेरिकेतल्या डिझायनरांचीही तीच होती. डेव्हिड सिगलचं १९९६ चं 'क्रिएटिंग किलर वेब साइट्स' हे पुस्तक सगळं त्यावरच उभं आहे: टेबलाच्या अदृश्य चौकटी आणि एका पिक्सेलचं पारदर्शक जीआयएफ वापरून पान छापील कागदासारखं घट्ट कसं बसवायचं.

मग कापणं. १९९९ मध्ये फोटोशॉप ५.५ सोबत इमेजरेडी नावाचा जोडप्रोग्रॅम आला, २००० च्या सहाव्या आवृत्तीत स्लाइस फोटोशॉपमध्येच आलं. गाइडच्या रेषेवर कापत जायचं. फोटोच्या तुकड्याला जेपीईजी, क्वालिटी साठच्या आसपास. सपाट रंगाच्या, अक्षरांच्या तुकड्याला जीआयएफ, बत्तीस रंग. 'सेव्ह फॉर वेब' म्हटलं की इमेजेस नावाच्या फोल्डरात इंडेक्स_०१, इंडेक्स_०२ अशी रांग लागायची आणि सोबत टेबलाचं एचटीएमएल. वजनावर डोळा ठेवायचा, कारण टेलिफोनच्या तारेवरचा ५६ केबीपीएसचा मोडेम सेकंदाला प्रत्यक्षात चारपाच किलोबाइट ओढी. शंभर किलोबाइटच्या पानाला वीस-पंचवीस सेकंद लागत, आणि ते वरून खाली तुकड्यातुकड्याने उमटे. आधी चेअरमनचा फेटा, मग कपाळ.

इंग्रजी पुस्तकांत न सांगितलेली एक अडचण आम्हाला होती: शिरोरेघ. इंग्रजी मथळा दोन अक्षरांच्या मधून कापला तरी काही बिघडत नाही, मध्ये फट असतेच. मराठी शब्दाला वरून सलग रेघ. स्लाइसची कड शब्दातून गेली आणि टेबलाच्या कोडात एखादी मोकळी जागा राहिली, की शिरोरेघेत फट दिसे. दोन तुकड्यांना वेगळं कॉम्प्रेशन पडलं तर रेघेचा रंग अर्ध्यावर बदले. म्हणून आम्ही मथळा नेहमी एका स्लाइसमध्ये अखंड ठेवायचो, त्यासाठी बाकीची मांडणी हलवावी लागली तरी. नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडग्यांनी वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत जी अक्षरं रेखाटली, त्यांत शिरोरेघ कुठे तोडायची, कुठे वाकवायची हाच अर्धा खेळ होता. आमच्यातल्या ज्यांना थोडीफार नजर होती त्यांची ती त्याच जाहिराती बघून तयार झालेली. बाकीच्यांनी अक्षराला पिवळी कडा आणि खाली काळी सावली दिली. ती सावली पुढे फ्लेक्सवर गेली आणि अजून चौकाचौकांत आहे.

आता मुद्द्याचं. मथळाच नव्हे, बटणं, पत्ता, कधीकधी अख्खा मजकूर चित्रातच ठेवावा लागे. कारण श्री-लिपीत टाइप केलेलं मॅटर पानावर तसंच सोडलं, तर ज्याच्या संगणकात तो फाँट नाही त्याला तो इंग्रजी अक्षरांचा कालवा दिसणार. मोठ्या वर्तमानपत्रांनी पानाबरोबर फाँटही उतरवणारे 'डायनॅमिक फाँट' वापरले. ते इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालत, दुसऱ्या ब्राउझरमध्ये पुन्हा कालवा. छोट्या गिऱ्हाईकाला ते परवडणारं नव्हतं. मराठीला सगळीकडे सारखं दिसायचं, तर तिचा फोटोच काढावा लागत होता.

उपाय तोवर जगात आलेला होता. प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारं युनिकोड १९९१ पासून होतं. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली, तिचा फाँट 'मंगल' हा कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशींच्या हातचा. आमच्या अर्ध्या 'र'चीही सोय झालेली होती. १९९१ च्या आयस्की या भारतीय मानकातली तजवीज युनिकोडने उचलली: खाली टिंब असलेला 'ऱ', त्याला हलंत, पुढे 'ह', की कोर आपोआप उमटते. पण विंडोज एक्सपीमध्ये हे चालू करायला रीजनल सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करायची आणि मूळ सीडी घालायची. मूळ सीडी ग्रामीण भागात किती जणांकडे असणार? शिवाय फोटोशॉपला स्वतःला युनिकोड मराठी नीट लिहिता येत नव्हतं. वेलांटी अक्षराच्या मागे पडायची, हलंत लोंबकळत राहायचा, आणि कोऱ्हाळेमध्ये 'र'च्या पायाशी ते टिंब उघडंनागडं दिसायचं. भारतीय लिपींसाठी वेगळं टेक्स्ट इंजिन निवडायची सोय २०१२ नंतरच्या आवृत्त्यांत आली. परदेशातल्या मराठी मंडळींची १९९६ ची मायबोली पुढे, मराठी विकिपीडिया २००३ पासून, मनोगत २००४ पासून खरी मराठी अक्षरं वापरत वाढत होते. ते लिहिणाऱ्यांचे अड्डे. सजावट करणारे आम्ही फोटोतच अडकून राहिलो.

धंदा बसला तो मात्र मराठीमुळे नाही. मे २०१० मध्ये ईथन मार्कोटने 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हा लेख लिहिला: पानाला ठरलेली रुंदी नसतेच, पडदा असेल तसं त्याने वाकावं. चित्र वाकत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि गावात ज्याने कधी संगणक पाहिला नव्हता त्याच्या हातात इंटरनेट आलं, तेही उभ्या पडद्याचं. त्याच वर्षी फिग्मा हे डिझाइनचं सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं झालं. ते ब्राउझरमध्येच चालतं आणि पान लहानमोठं करून बघता येतं. मुंबईच्या एक टाइपने मुक्ता आणि बलूसारखे फाँट फुकट खुले केले, त्यामुळे मथळा चित्रात ठेवायचं कारण उरलं नाही. तयार टेम्प्लेट मिळू लागल्या. एका तपातच आमचं कौशल्य बिनकामाचं झालं. खिळेवाल्यांना निदान शंभरेक वर्षं मिळाली होती.

त्या पानांविषयी माझं मत विचाराल तर ती वाईट नव्हती. आजच्या टेम्प्लेटमधून निघालेल्या पतसंस्थेच्या पानावर परदेशी बाईचा हसरा फोटो असतो; आमच्या पानावर निदान गावचं देऊळ आणि उसाचा फड असायचा. वाईट झालं ते वेगळंच. चित्रातलं अक्षर सर्चला सापडत नसे. दहा-बारा वर्षं या भागातल्या संस्थांनी, कार्यालयांनी, बागायतदारांनी इंटरनेटवर जे मराठीत मांडलं, ते संगणकाच्या लेखी कोरं होतं. डोमेनचे पैसे भरायचे थांबले तशी ती पानं गेली, आणि मजकूर म्हणून मागे काही उरलं नाही. फोटोशॉपच्या मूळ पीएसडी फाइली सीडीवर होत्या, त्यातल्या बऱ्याच सीडी आता वाचल्या जात नाहीत.

नावाचा घोळ तर चालूच आहे. शासकीय याद्यांपासून दुकानांच्या पाट्यांपर्यंत कोऱ्हाळे, कोर्हाळे आणि को-हाळे अशी तिन्ही रूपं फिरतात. डोळ्याला ती एकच वाटतात, यंत्राला तीन गावं. त्यात खुर्दचं कोऱ्हाळे वेगळं, राहाता तालुक्यातलं आणखी वेगळं.

म्हणून दोन विनंत्या. ज्या डीटीपीवाल्यांकडे जुन्या सीडी, हार्ड डिस्क पडून आहेत त्यांनी त्या भंगारात घालण्याआधी एकदा लावून बघाव्यात. पीएसडीमध्ये टेक्स्ट लेअर शिल्लक असेल तर श्री-लिपीचं मॅटर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये येतं, अहवाल आणि स्मरणिका तरी वाचतील. दुसरी विनंती ग्रामपंचायतीच्या आणि सोसायटीच्या ऑपरेटरांना. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर के, ए, शिफ्ट-जे, डी, यू, ई, शिफ्ट-एन, एस एवढे आठ ठोके मारले की गावाचं नाव बरोबर उमटतं. रेघ मारू नका.